बाहेरच्या बाजूची कडी

दार कोणतंही असो, ते स्वतःच्या मर्जीने उघडझाप करू लागलं की माणसाचं डोकं उठतं. त्यात दार सरकतं आणि घर चाकांवरचं असेल तर विचारूच नका. गाडीमागे जोडून ओढायच्या त्या ट्रेलरमध्ये आत दोन सरकती दारं होती, एक न्हाणीघराचं आणि एक झोपायच्या खोलीचं. वळण आलं की दोन्ही धाडकन उघडायची, ब्रेक लागला की धाडकन मिटायची. गेल्या खेपेला थोरल्याच्या अंगणातून धाकटीच्या अंगणात येईस्तोवर न्हाणीघराच्या दाराने रूळच सोडला होता आणि स्वारी संडासाच्या भांड्यावर आडवी पडून आली होती.

ट्रेलर मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे थोरल्याचे आणि धाकटीचे वडील. सगळं जग त्यांना मिस्त्रीच म्हणायचं. बायकोसुद्धा चिडली की "अहो मिस्त्री" म्हणायची, आणि ती उठता बसता चिडायची. उभा जन्म त्यांनी गाड्यांच्या आतलं लाकूडकाम केलं. बसच्या फळ्या, फिरत्या दवाखान्याची कपाटं, असले ट्रेलर तर किती सजवले त्याला गणतीच नाही. काम सोडल्यावर हा एक स्वतःसाठी सजवला आणि दोघं नवराबायको मनसोक्त हिंडून आले. मग ती गेली. मग मिस्त्रींच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जाऊ लागली, आधी दिवस, मग नावं, मग माणसं. मुलांच्या दोन्ही घरांत जादा खोली नव्हती. तेव्हा ठरलं की अर्धं वर्ष ट्रेलर धाकटीच्या अंगणात उभा राहील, अर्धं वर्ष थोरल्याच्या, आणि मिस्त्री आपल्या घरातच राहतील.

"आम्ही वडील वाटून घेतलेत," असं धाकटी लोकांना सांगायची. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे पुढे हसू येईना, रडूही येईना. तिच्या पाळीचं अर्धं वर्ष आता संपलं होतं, उद्या सकाळी थोरला ट्रेलर न्यायला येणार होता, आणि या गोष्टीचंही तिला काहीच वाटत नव्हतं. सुटले, असंसुद्धा नाही.

आता ही कडीची भानगड कुठून निघाली ते सांगायला हवं. मागच्या आठवड्यात मिस्त्री पहाटेचे हायवेवर सापडले. अंगात झोपायचे कपडे, पायात काही नाही, हातात पाना. दुधाच्या टेम्पोवाल्याने ओळखलं म्हणून आणून सोडलं, नाहीतर कल्पनाच न केलेली बरी. थोरल्याला हे काल कळलं तेव्हा त्याने फोन केला.

"हे बघ धाकटे," तो म्हणाला, "माझी रात्रपाळी. रात्री घरात तुझी वहिनी एकटी. ती काय त्यांच्या मागे हायवेवर पळणार आहे? झोपायच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लाव. ते झोपले की लावायची, सकाळी काढायची."

"लावते," धाकटी म्हणाली.

थोरल्याने भांडायच्या तयारीने फोन केला होता. समोरून भांडण येईना म्हटल्यावर तो गडबडला. "म्हणजे, पटतंय ना तुला? मी स्पष्टच सांगतो, कडी नसेल तर मी ट्रेलर जोडणार नाही. मग ठेव तूच."

"लावते म्हटलं ना, दादा."

थोरला दुष्ट नव्हता हो. तोंडाने फटकळ, पण वडिलांची नखंसुद्धा स्वतः कापायचा. तो दमला होता आणि ती दमली होती. आपल्याला वाईट वाटायला हवं, एवढं धाकटीला कळत होतं. ती त्या वाईट वाटण्याची वाट बघत होती, पण ते काही येत नव्हतं.

तर सकाळी तिने अवजारांची पेटी काढली. काम तिला येत होतं. धंदा तिचा गाद्या आणि सीटकव्हरं शिवायचा, पण बाप मिस्त्री म्हटल्यावर पटाशी आणि रंधा लहानपणीच हातात आलेला. मिस्त्रींना तिने ट्रेलरच्या पायरीवर बसवलं आणि पुढ्यात स्क्रूचा डबा ठेवला. लांबीप्रमाणे स्क्रू वेगळे करायला त्यांना फार आवडे. तास न् तास करत. रोज संध्याकाळी धाकटी ते सगळे स्क्रू पुन्हा एकत्र मिसळून ठेवत असे, म्हणजे दुसऱ्या दिवशी काम शिल्लक राही.

न्हाणीघराचं दार सोपं निघालं. वरची चाकं झिजून चपटी झाली होती, ती बदलली. प्रवासात दार हलू नये म्हणून चौकटीला जाड पट्टा ठोकला आणि त्याला टिचबटण लावलं; निघताना लावायचं, पोचल्यावर काढायचं. मग ती झोपायच्या खोलीकडे वळली. हे दार जड होतं, वरच्या रुळाला टांगलेलं. खड्ड्यातून जाताना ते उसळून रुळावरून उतरायचं. तिने वरच्या फटीत लाकडाची पट्टी अशी काही घट्ट बसवली की दार आता केसभरही वर उचललं जाणार नाही. आणि शेवटी कडी. बाहेरच्या बाजूने, तिच्या छातीइतक्या उंचीवर, चार स्क्रूंनी. कडी सरळ बसली. काम झाल्यावर ती जरा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. कडी चांगली दिसत होती.

आता राहिलं होतं ते दार बंद केल्यावर फट सारखी येते का बघायचं. त्यासाठी आतून बघावं लागतं, बाहेरचा उजेड कसा दिसतो त्यावरून कळतं. ती आत गेली, दार ओढून घेतलं आणि गुडघे टेकून खालची फट बघू लागली.

इथे मिस्त्रींची एक सवय सांगायची राहिली. ट्रेलर हलवायच्या आधी सगळं नीट बंद आहे ना, याची एक फेरी असते. छताची झडप, गॅसचा खटका, कपाटांच्या खुंट्या, दारं. ती फेरी मिस्त्रींच्या अंगात इतकी मुरली होती की बाकी सगळं विसरले तरी ती विसरले नाहीत. उलट आता दिवसातून कितीदा तरी त्यांना वाटे की निघायची वेळ झाली. मग ते उठत आणि फेरी मारत.

धाकटीला पायऱ्यांवर पावलं ऐकू आली. छताची झडप मिटल्याचा आवाज आला. गॅसचा खटका वाजला. "चला," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. मग दारापाशी पावलं थांबली, आणि टक् करून कडी लागली.

"बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी आत आहे."

तिने दारावर थाप मारली.

"वाजतंय," मिस्त्री बाहेरून म्हणाले.

"बाबा, उघडा! मी आहे, धाकटी!" तिने दोन्ही हातांनी दार बडवायला घेतलं.

आता बघा, कोणाही माणसाने दार बडवल्याचा आवाज ऐकला तर तो दार उघडेल. पण मिस्त्रींनी सगळा जन्म वाजणाऱ्या दारांचा आवाज बंद करण्यात घालवला होता. वाजणाऱ्या दारावर त्यांच्याकडे एकच उपाय. पुठ्ठा फाडल्याचा आवाज आला, त्याची घडी घातल्याचा आला, आणि ती घडी त्यांनी दार आणि चौकटीच्या मधे अंगठ्याने दाबून दाबून बसवली. दाराचं वाजणं निम्म्याने कमी झालं. "हां," मिस्त्री समाधानाने म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

धाकटी तशीच उभी राहिली. फोन बाहेर स्वयंपाकाच्या ओट्यावर. दार उचलून रुळावरून काढावं म्हणून तिने दोन्ही हात लावले, आणि मग तिला आठवलं की वरची पट्टी आपणच सकाळी बसवली आहे. खिडकी होती, पण ट्रेलर शेजारच्या गोदामाच्या भिंतीला इतका खेटून उभा होता की ती वीतभरच उघडायची. तिने त्या फटीतून डोकं तिरकं करून बघितलं. भिंतीच्या कडेने फाटकाचा एक तुकडा दिसत होता. फाटकाच्या पलीकडे हायवे.

मिस्त्री बाहेर चाकांवर काठी आपटत हिंडत होते. तोही फेरीचाच भाग. एक चाक, मग दुसरं. चाकं संपली की ते कुठे जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं. रस्ता मोकळा आहे का, हे बघायला ते फाटकाबाहेर जायचे.

"बाबा!" ती खिडकीच्या फटीतून ओरडली. "अहो बाबा! इकडे या!"

काठीचा आवाज थांबला नाही. बाबा म्हणून कोणीतरी कोणाला तरी हाक मारतंय, आपला काय संबंध, अशीच त्यांची चाल. तिने दादाचं नाव घेतलं, आईला हाक मारली, शेजारच्या गोदामातल्या माणसांना हाका मारल्या. गोदामात कुठलंसं यंत्र सुरू होतं. खोली केवढीशी, पलंग आणि त्याच्या कडेने एक माणूस आडवा होऊन जाईल इतकी जागा. भिंती तिच्या अंगावर आल्या. ती पलंगावर चढली, उतरली, पुन्हा दाराला धडकली. पुठ्ठ्यामुळे दार आता आवाजही धड करेना. बाहेर फाटकाची कडी वाजली.

मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिने ठरवून म्हटलेलं नव्हतं. खिडकीच्या फटीला तोंड लावून ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "मिस्त्री! तुमचं दार घासतंय!"

फाटकाचा आवाज थांबला.

"कोण म्हणतं घासतंय?" लांबून मिस्त्रींचा आवाज आला, चांगलाच चिडलेला.

"मी म्हणते! नवीन बसवलेलं दार, आणि खाली घासतंय! या आणि बघा!"

नाकाला मिरच्या झोंबल्यासारखे मिस्त्री तरातरा परत आले. पायऱ्या चढताना पुटपुटत होते. पुठ्ठ्याची घडी निघाली, टक् करून कडी निघाली, दार सरकलं. जराही आवाज न करता सरकलं.

मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग तिच्या डोक्यावरून रुळाकडे बघितलं. तिला ओळखल्याची काही खूण नव्हती.

"कुठे घासतंय, बाई?"

मिस्त्रींनी दार मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं आणि उघडलं. खाली वाकून फट बघितली. वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"घासत बिसत काही नाही. उगीच कोणाच्या कामाला नावं ठेवू नये. कोणी केलंय?"

"मी," धाकटी म्हणाली.

"तुम्ही? कोणाकडे शिकलात?"

"वडिलांकडे."

"बरं शिकवलंय त्यांनी," मिस्त्री म्हणाले.

तिच्या कुठल्याही कामाला त्यांनी आजवर बरं म्हटलं नव्हतं. लहानपणापासून तिने या एका शब्दासाठी कान टवकारून ठेवले होते, आणि आता तो आला होता. तो तिला ऐकू आला, इतकंच. आत कुठे काही हललं नाही.

मिस्त्री मग कडीपाशी थांबले. ती त्यांनी लावली, काढली. "ही प्रवासासाठी का?"

"नाही. रात्रीसाठी."

"रात्री बाहेरून? आत काय सामान ठेवणार?"

"माझे वडील झोपतात आत."

मिस्त्रींनी कडीवरचा हात काढला. "माणूस आहे आत?"

"ते उठून जातात हो," धाकटी म्हणाली. बोलायला लागली तसं एकामागून एक सगळं बाहेर पडू लागलं. "त्यांना काही आठवत नाही. थेट हायवेवर जातात. एखाद्या दिवशी गाडीखाली येतील. भाऊ रात्रपाळीला असतो, वहिनी एकटी, मी इकडे एकटी. सांगा ना, काय करायचं आम्ही?"

"त्यांना विचारलंत?"

"नाही."

"कडी लागल्यावर आत बसून बघितलंत का कोणी?"

"मी. आत्ताच. तुम्हीच लावली होती."

"मी?" मिस्त्री खजील झाले. त्यांनी हातातली काठी दाराला टेकवली. "चुकलं हो माझं. निघायच्या गडबडीत हात जातो. आत कोण आहे हे बघायला हवं होतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "घाबरलात?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "हो," ती म्हणाली. "खूप घाबरले, बाबा."

बाबा हा शब्द त्यांनी ऐकला की नाही कोण जाणे. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी जमिनीवर पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलला, बाहेर जाऊन ओट्यावर ठेवला आणि बोटाने फिरवून त्याचा दांडा तिच्या दिशेला केला.

"हे काम माझ्याच्याने होणार नाही, बाई. दुसरा माणूस बघा."

आणि ते पायरीवर जाऊन बसले.

हे वाक्य त्या घरात कोणाला नवीन नव्हतं. मिस्त्रींचा नकार म्हणून ते प्रसिद्धच होतं. न पटणारं काम कोणी सांगितलं की ते आवाज चढवत नसत; अवजार खाली ठेवायचं, दांडा गिऱ्हाइकाकडे करायचा आणि तेवढंच बोलायचं. कितीही मोठा माणूस असो. थोरल्याच्या सासऱ्यांनी लग्नाआधी हौसेने कपाट करायला सांगितलं आणि मागच्या बाजूला पुठ्ठा चालेल म्हणाले, तर मिस्त्रींनी त्यांच्यापुढेही दांडा फिरवला होता. सोयरीक मोडता मोडता राहिली. आई तेव्हा डोक्याला हात लावून बसली होती. पण एकदा दांडा फिरला की फिरला. तो परत वळलेला ना आईने पाहिला होता, ना मुलांनी.

धाकटीने ओट्यावरचा फोन उचलला.

"दादा, कडी लागणार नाही."

"आता काय झालं?" थोरला झोपेतून उठलेला, आवाज जड. "काल तर हो म्हणालीस."

"मिस्त्रींनी काम नाकारलं."

मग तो हळूच म्हणाला, "त्यांना कळलं, कोणासाठी आहे ते?"

"काही कळलं नाही. मला गिऱ्हाईक समजले. आत माणूस आहे म्हटल्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवून दिला."

"दांडा?"

"माझ्याकडे."

"मग संपलंच," तो म्हणाला. "काढून टाक. मी येतो उद्या."

"येऊन काय करणार? कडी नाही तर नेणार नाही म्हणालास."

"नेतो गं. दिवसपाळी मागून बघतो."

"नाही मिळाली तर?"

"मला नाही माहीत, धाकटे. खरंच नाही माहीत." त्याचा आवाज फुटला होता. "काढ ती कडी. मी मोठ्या तोंडाने सांगितली तुला."

तिने फोन ठेवला आणि कडी काढली. दाराला चार भोकं राहिली.

"भोकं बुजवा हो, बाई," पायरीवरून मिस्त्री म्हणाले. त्यांनी मागे वळूनही बघितलं नव्हतं. स्क्रू निघाल्याचा आवाज पुरला होता. "उघडी ठेवली की कोणाला तरी तिथे पुन्हा काहीतरी लावावंसं वाटतं."

तिने लाकडाची बारीक काडी घेतली, तासली, गोंद लावून एकेका भोकात ठोकली आणि वर कानस फिरवली. हात लावून बघितलं तर काही लागत नव्हतं. मग कडीचे चार स्क्रू मुठीत घेऊन ती बाहेर आली, पायरीवर वडिलांशेजारी बसली आणि स्क्रू त्यांच्या डब्यात टाकले.

मिस्त्रींनी त्यातला एक उचलून उजेडात धरला.

"हे नवीन आहेत," ते म्हणाले. "चांगले आहेत. कशाला काढले?"

धाकटीला रडू आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आलं, आणि आता ते थांबेना. तिने तोंड फिरवलं.

"लागले नाहीत, बाबा," ती म्हणाली.